साष्टीचा पाऊस, खाडीची भरती व शेतकऱ्याची जमीन

ज्येष्ठांत ढग वर येऊं लागले म्हणजे यंदां पाऊस किती पडेल, हा एकच प्रश्न शेतकरी एकमेकांस विचारीत असतात. प्रश्न रास्त आहे, परंतु अपुरा आहे. पडलेलें पाणी कोणत्या वाटेनें जाणार, वाटेंत त्यास थांबावयास जागा किती उरली आहे, आणि तें खाडीच्या तोंडाशीं पोहोंचेल त्या वेळीं भरती असेल कीं ओहोटी, हे तीन प्रश्न त्याच्या जोडीस विचारले नाहींत, तर पहिल्याचें उत्तर मिळूनहि उपयोग होत नाहीं. हें आम्ही केवळ तर्कानें सांगत नाहीं. मुंबईच्या उत्तरेस असलेलें साष्टी बेट, ज्यांत आज अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं उपनगरें मोडतात, त्यानें हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकविला आहे.

हा विषय आज काढण्याचें कारण असें. ठाणें, पालघर व रायगड या जिल्ह्यांतील आमच्या अनेक वाचकांच्या जमिनींवर आतां शहराची नजर आहे. भातखाचरांवर भराव पडत आहे, ओहोळ नळांत कोंडले जात आहेत, डोंगराचा पायथा रस्त्यासाठीं कापला जात आहे. साष्टींत हें सर्व आधींच घडून गेलें. तेथील बहुतेक उपनगरें एके काळीं भात, मीठ व मासळी यांवर जगणारीं लहान गांवें होतीं. त्यांचें पुढें काय झालें तें पाहिल्यास आपण आपल्या जमिनीचें काय करीत आहों, याचा विचार वेळेवर करतां येईल.

एका दिवसाचा पाऊस

मंगळवार, ता. २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनीं पाहिला ते तो विसरणार नाहींत. सांताक्रूझ येथील वेधशाळेंत त्या दिवशीं सकाळीं साडेआठपासून दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेआठपर्यंत ९४४ मिलिमीटर, म्हणजे सुमारें ३७ इंच पाऊस मोजला गेला. विहार तलावाजवळ तर हजार मिलिमीटरांहून अधिक पडला. याच चोवीस तासांत दक्षिणेस सुमारें पंचवीस किलोमीटरांवर असलेल्या कुलाबा वेधशाळेंत पडलेला पाऊस अवघा ७३ मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहूनहि कमी होता. एका टोकास लोक छत्री घेऊन कामावर जात होते व दुसऱ्या टोकास घरांचीं छपरें पाण्याखालीं जात होतीं.

मिलिमीटर हें माप शेतकऱ्याच्या मनांत सहज भरत नाहीं; म्हणून एक सोपा हिशेब सांगतों. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें शंभर लिटर पाणी पडलें असें समजावें. या हिशेबानें त्या दिवशीं सांताक्रूझजवळच्या प्रत्येक गुंठ्यावर साडेपंचाण्णव हजार लिटर, व प्रत्येक एकरावर अडतीस लाख लिटर पाणी पडलें. हवामान खात्याच्या परिभाषेंत चोवीस तासांत ६४·५ मिलिमीटरांवर पाऊस गेला म्हणजे त्यास जोरदार, ११५·६ च्या वर गेला म्हणजे अति जोरदार, व २०४·४ च्या पलीकडे गेला म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस म्हणतात. या शेवटच्या मर्यादेच्याहि चौपटीहून अधिक पाऊस त्या दिवशीं झाला.

असें कां झालें? बंगालच्या उपसागराकडून आलेला कमी दाबाचा प्रदेश त्या वेळीं मध्य भारतावर होता. त्यामुळें अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे जोरानें आंत ओढले जात होते. किनाऱ्यालगतहि कमी दाबाचा पट्टा होता. अशा स्थितींत साष्टीवर उंचच उंच ढग उभे राहिले व पुढें न सरकतां एकाच जागीं कित्येक तास रिते होत राहिले. ढगांचा असा समूह फार मोठ्या प्रदेशावर नसतो. म्हणूनच कुलाबा कोरडा राहिला म्हणावयास हरकत नाहीं. दुपारीं अडीचच्या सुमारास पावसानें जोर धरिला, व एका तासांत १९० मिलिमीटर इतका वेग त्यानें गांठला.

आतां दुसरी बाजू पाहूं. मुंबईचीं जुनीं गटारें ताशीं २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील, अशा हिशेबानें बांधलेलीं होतीं, आणि तेंहि खाडीस ओहोटी असतांना. म्हणजे गुंठ्यामागें तासास अडीच हजार लिटर पाणी जाण्याची सोय, आणि वरून येणारें पाणी एकोणीस हजार लिटर. उरलेलें साडेसोळा हजार लिटर जाणार कोठें? तें लोकांच्या घरांत गेलें. मुंबईंत चारशेंहून अधिक माणसें दगावलीं. तबेल्यांत बांधलेल्या म्हशी व विक्रीसाठीं आणलेलीं शेळ्यामेंढरें हजारोंनीं मेलीं. दावें सोडावयास कोणी पोहोंचूं शकलें नाहीं. महाड तालुक्यांत जुई, दासगांव इत्यादि गांवांवर याच दोन दिवसांत दरडी कोसळल्या. सर्व महाराष्ट्रांत मिळून मृतांची संख्या हजारांवर गेली.

पाण्याची जुनी वाट

इतका पाऊस कोणत्याहि मुलुखास जड गेलाच असता, हें खरें. परंतु हानि एवढी कां झाली हें समजण्यास साष्टीची जमीन कशी बसली आहे तें पाहिलें पाहिजे. बेटाच्या मध्यभागीं डोंगरांची उत्तर-दक्षिण रांग आहे. कान्हेरीचीं लेणीं याच डोंगरांत आहेत, व आज त्याचा मोठा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत मोडतो. या डोंगरांकडून दहिसर, पोयसर, ओशिवरा व मिठी या चार नद्या निघतात. पहिल्या तीन पश्चिमेकडे मनोरी व मालाड येथील खाड्यांस मिळतात. मिठी ही विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून मरोळ, कुर्ला, कलिना या बाजूंनीं सुमारें अठरा किलोमीटर वाहते व माहीमच्या खाडींत पडते. पूर्वेकडील मुलुंड, भांडुप, घाटकोपर येथील नाले याहून आखूड. ते मिठागरांच्या बाजूनें ठाण्याच्या खाडीकडे जातात.

हे सर्व प्रवाह लहान आहेत, परंतु त्यांचा लहानपणा फसवा आहे. घाटावरील नदीस पूर येण्यास दिवस लागतो. डोंगरापासून समुद्रापर्यंत दहा-पंधरा किलोमीटरच वाहणाऱ्या नदीस कांहीं तास पुरतात. उन्हाळ्यांत ज्या नाल्यांतून मूल चालत पलीकडे जातें, तोच श्रावणांत माणूस उभें राहूं देत नाहीं. विहारचा तलाव १८६० सालीं व तुळशीचा १८७९ सालीं मुंबईस पिण्याचें पाणी मिळावें म्हणून तयार झाला. तलाव आहे म्हणजे पूर अडेल, असें कित्येकांस वाटतें. परंतु भरलेला तलाव पूर अडवीत नाहीं. वरून जितकें येईल तितकें तो सांडव्यावरून खालीं देतो.

जुनीं गांवें या स्वभावास धरून वसलेलीं होतीं. डोंगरउतारावर झाडी व वरकस जमीन. त्याखालीं उंचवट्यावर गांवठाण. गांवठाणाच्या खालीं पायरीपायरीनें उतरत गेलेलीं भाताचीं खाचरें. त्यांच्या शेवटीं खारबांध. बांधापलीकडे तिवरांचें रान, खाजण व मग खाडी. यांतील प्रत्येक पायरीस काम होतें. झाडीनें पावसाचा मार अंगावर घ्यावा व पाणी मुरवावें, खाचरांनीं तें थोपवून धरावें, खाजणानें पसरावयास जागा द्यावी, तिवरांनीं लाटा मोडाव्या. कोणी नकाशा काढून ही योजना केली नव्हती. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें ती बसली होती.

खाचराचें काम किती मोठें असतें हें आकड्यांनीं दाखवितां येईल. वीतभर उंचीचा बांध असलेल्या एक एकर खाचरांत चार बोटें पाणी आधींच असलें, तरी आणखी सुमारें १५० मिलिमीटर पाणी मावतें. म्हणजे एकरास सहा लाख लिटर. शंभर एकरांच्या मळ्यांत सहा कोटि लिटर पाणी कांहीं तास थांबतें व मग मोऱ्यांतून हळूहळू सुटतें. अशा मळ्यावर चार हात भराव घालून वर फरसबंदी केली, म्हणजे तेंच सहा कोटि लिटर पाणी तत्काळ खालच्या शेजाऱ्याकडे जातें. भराव घालणारा आपली जमीन उंच करतो असें त्यास वाटतें. वस्तुतः तो शेजाऱ्याची जमीन खोल करीत असतो. पुढें शेजारीहि भराव घालतो, आणि शेवटीं सर्वांत गरिबाचें घर खड्ड्यांत राहतें.

साष्टींत हेंच झालें. खाचरें गेलीं, वरकस गेलें, मिठीच्या तोंडाशीं असलेल्या खाजणावर भराव पडून वांद्रें-कुर्ला संकुल उभें राहिलें, विमानतळाच्या धांवपट्टीसाठीं नदीस काटकोनी वळणें देण्यांत आलीं, कांठांवर वस्त्या व कारखाने आले आणि पात्र अरुंद झालें. या पुरानंतर श्री. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी समिति नेमली गेली, व मिठी नदीच्या विकासासाठीं व संरक्षणासाठीं स्वतंत्र प्राधिकरणहि झालें. नदीचें पात्र रुंद व खोल करण्यावर तेव्हांपासून पुष्कळ द्रव्य खर्च झालें आहे. जी जागा पूर्वीं फुकट मिळत होती, तीच आतां विकत घ्यावी लागते, एवढाच याचा अर्थ.

भरतीची वेळ

समुद्राकांठच्या मुलुखांत पाण्याच्या वाटेस शेवटीं एक दार असतें, व तें दिवसांतून दोनदां लागतें. खारबांधास ज्यांची जमीन लागून आहे त्यांस उघाडी ठाऊक आहे. ओहोटीस तिची झडप बाहेरच्या अंगास ढकलली जाऊन शेतांतील पाणी खाडींत जातें. भरतीस खाडीचें पाणी झडपेवर दाब देतें व ती मिटते. सबंध साष्टी बेटाची स्थिति अशी एका मोठ्या उघाडीसारखी आहे. भरतीच्या वेळीं खाडीची पातळी सखल जमिनीच्या वर जाते, आणि तेवढे तास वरून आलेलें पाणी जागच्या जागीं तुंबतें.

ता. २६ जुलै २००५ रोजीं दुपारीं चार वाजण्यास कांहीं मिनिटें असतांना सुमारें साडेचार मीटरांची भरती होती. म्हणजे पाऊस अगदीं जोरांत व दार बंद, असा योग आला. उधाण टळून गेलें होतें. पौर्णिमा २१ तारखेसच झाली होती. तरीहि एवढें झालें, ही गोष्ट विसरूं नये.

भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत किनाऱ्यावरील वडील माणसांस पाठ असे. तिथीची पाऊणपट करावी, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा. २६ जुलैच्या दुपारीं पौर्णिमेनंतरच्या पांच तिथी उलटून सहावी चालू होती. पांच धरल्यास पावणेचार येतात, सहा धरल्यास साडेचार. प्रत्यक्ष भरती चारच्या आधीं झाली. यावरून ही रीत किती उपयोगी व किती ढोबळ आहे हें दोन्ही कळतें. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच. म्हणून नक्की वेळेसाठीं छापील भरती-ओहोटीचें कोष्टक पाहावें. रीत मात्र मुलांस शिकवून ठेवावी, कारण ऐन पावसांत वीज जाते, दूरध्वनि बंद पडतो, तिथी मात्र सर्वांच्या तोंडीं असते.

उघाडीची झडप कुजलेली असेल, तिच्या तोंडाशीं गाळ असेल, अथवा खेकड्यांनीं बांध पोखरला असेल, तर खारें पाणी शेतांत शिरतें. खारजमिनींच्या रक्षणासाठीं मुंबई इलाख्यांत १९४८ सालीं कायदा झाला व १९७९ सालीं महाराष्ट्रानें नवा अधिनियम केला. परंतु कोणताहि कायदा वैशाखांत बांधावर फिरून भोंक बुजवीत नाहीं. तें काम ज्याचें शेत त्यानेंच केलें पाहिजे. खारें पाणी शिरलेंच, तर पावसाचें गोडें पाणी शेतांत धरून ओहोटीस बाहेर सोडावें, व असें दोन-तीन वेळां करून मग लावणी करावी. पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्रानें क्षार सोसणाऱ्या ‘पनवेल’ नांवाच्या भाताच्या जाती काढल्या आहेत. अशा जमिनींत त्यांचा विचार अवश्य करावा.

डोंगराचा पायथा

सखल भागांत पाणी मारतें, तर उतारावर माती. घाटकोपर येथें ता. १२ जुलै २००० रोजीं डोंगरउताराची माती खालच्या वस्तीवर आली व साठांहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. २६ जुलै २००५ रोजीं साकीनाका येथें अशाच प्रकारें सत्तरांहून अधिक दगावलीं. ता. १८ जुलै २०२१ च्या पहांटे चेंबूर व विक्रोळी येथें दरडी व भिंती कोसळून तिसांवर बळी गेले. हीं केवळ शहराचीं दुःखें आहेत असें कोणीं समजूं नये. आंबेगांव तालुक्यांतील माळीण (३० जुलै २०१४), महाड तालुक्यांतील तळिये (२२ जुलै २०२१), खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडी (१९ जुलै २०२३ ची रात्र) हीं शेतकऱ्यांचीं व वनवासी बांधवांचींच गांवें होतीं.

यामागील कारण समजण्यास कठीण नाहीं. आपल्याकडे खालीं काळा पाषाण व वर मुरूम आणि मातीचा थर असतो. दोन-तीन दिवस सारखा पाऊस लागला म्हणजे पाणी मातींतून मुरून पाषाणावर थांबतें. वरचा थर जड होतो व खालचा आधार निसरडा होतो. अशा वेळीं पायथा कापलेला असेल, उतारावरील झाडें तोडलेलीं असतील, अथवा सपाटीकरणानें ओहोळाची वाट फिरविलेली असेल, तर थर सुटून खालीं येतो. सुटण्यापूर्वीं तो बहुधा सूचना देतो. जमिनीस अर्धवर्तुळाकार भेगा पडतात. झाडें व खांब कलतात. दारें चौकटींत अडकूं लागतात. झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होतें. आणि वाहता ओहोळ भर पावसांत अकस्मात् आटतो. शेवटची खूण सर्वांत भयंकर होय, कारण वर कोठें तरी माती आडवी येऊन पाणी तुंबलें आहे असा तिचा अर्थ असूं शकतो. यांपैकीं एक खूण दिसली तरी रात्रीं त्या घरांत निजूं नये. सामान मागून आणतां येईल.

वाऱ्याचीं वादळें

अरबी समुद्रांतील चक्रीवादळांचे हंगाम दोन: पावसाच्या तोंडास मे-जून व पाऊस उलटल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर. ऐन आषाढ-श्रावणांत तीं क्वचितच होतात, कारण त्या वेळीं खालचे वारे पश्चिमेकडून व फार उंचावरील वारे पूर्वेकडून जोरानें वाहत असल्यामुळें वादळाचा उभा खांब टिकत नाहीं, मोडतो. १९४८ च्या नोव्हेंबरांत भातकापणीच्या दिवसांत मुंबई व उपनगरांस असें वादळ लागलें. अलीकडे ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलें व श्रीवर्धन, मुरुड, अलिबाग या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ किनाऱ्यापासून दूर समुद्रांतून गेलें, तरीहि कुलाब्यास ताशीं ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला व सांताक्रूझ येथें ऐन मे महिन्यांत दोनशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. वादळ आपल्या गांवावर येणार नाहीं एवढ्यावरून निर्धास्त राहूं नये. वाऱ्यानें रेटलेली भरती नेहमींच्या भरतीहून उंच चढते, व पहिला तडाखा खारबांधास बसतो.

गांवाची वही

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगणें भाग आहे. १८८२ च्या जूनमध्यें मुंबईस वादळ होऊन एक लाख माणसें मेलीं, असें अनेक पुस्तकांत व याद्यांत छापलेलें आढळतें. अलीकडे संशोधकांनीं त्या वेळचीं वृत्तपत्रें व हवामानाच्या नोंदी तपासल्या, तेव्हां असें वादळ झालेंच नाहीं असें दिसून आलें. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झालेली असल्यामुळें हा खोटेपणा उघड करतां आला. जेथें नोंद असते तेथें खोटी आपत्ति टिकत नाहीं. आणि जेथें नोंद नसते तेथें खरी आपत्तिहि दोन पिढ्यांत विसरली जाते. आजोबांनीं ज्या ठिकाणीं पाणी चढलेलें पाहिलें, त्याच ठिकाणीं नातू घर बांधतो, तें अज्ञानानें नव्हे, नोंद नसल्यानें.

सांताक्रूझ व कुलाबा यांच्या आकड्यांतील तफावत याच गोष्टीकडे बोट दाखविते. अंधेरीजवळ वेरावली येथें २०२२ सालीं नवें रडार सुरू झालें, व हवामान खातें पिवळा, नारिंगी व लाल या रंगांनीं जिल्ह्यावार सूचना देतें. त्या अवश्य ऐकाव्या. परंतु सबंध जिल्ह्याचा रंग म्हणजे आपल्या गांवाचा पाऊस नव्हे. तो आपणच मोजला पाहिजे.

यासाठीं वाचकांस आमच्या सूचना पुढीलप्रमाणें आहेत.

(१) प्रत्येक गांवीं, शाळेंत अथवा सोसायटीच्या कचेरींत, एक पर्जन्यमापक ठेवावा. तो नसेल तर सरळ कडांचें व सपाट तळाचें भांडें उघड्या जागीं, झाडाभिंतींपासून दूर ठेवून रोज सकाळीं साडेआठ वाजतां पट्टीनें पाणी मोजावें व वहींत लिहावें. जोराच्या पावसांत दर तासास मोजावें. तासास पन्नास मिलिमीटर भरूं लागले कीं नाल्याकांठच्या घरांस सूचना द्यावी.

(२) मोठा पूर ओसरल्यावर पाणी कोठवर आलें होतें त्याची तारखेसह खूण देवळाच्या, शाळेच्या अथवा चावडीच्या भिंतीवर कायमची करावी. जमीन विकत घेणाऱ्यानें प्रथम ती खूण पाहावी.

(३) अक्षय तृतीयेच्या आंत ओहोळ, मोऱ्या व उघाड्या सामायिक श्रमानें साफ कराव्या. ओहोळ कोणाच्या सातबाऱ्यावर आहे हा वाद पाणी ऐकत नाहीं.

(४) खाचर विकणें भागच पडलें, तर पाण्याची वाट सोडूनच मोजणी करून घ्यावी, व भराव घालणारानें ओहोळाचें पात्र मोकळें ठेवावें असें करारांत लिहून घ्यावें. तिवरांस हात लावूं नये. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं त्यांची तोड सर्व राज्यांत मना केली आहे, व शेतकऱ्याच्या बांधास तिवरांसारखा दुसरा राखणदार नाहीं.

(५) लाल सूचना असेल त्या रात्रीं गुरें दाव्यास बांधूं नयेत, अथवा सुटेल अशी गांठ द्यावी. गोठ्याचें दार उंचवट्याच्या बाजूस असावें.

(६) पुराच्या पाण्यांत उंदरांचें मूत्र मिसळून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप येतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईंत त्याची मोठी सांथ झाली. पायास जखम असतां तुंबलेल्या पाण्यांत उतरूं नये, व पुरानंतर ताप आल्यास अंगावर न काढतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें आणि आपण पाण्यांत उतरलों होतों हें सांगावें.

यांतील एकहि गोष्ट खर्चाची नाहीं. साष्टींतील गांवकऱ्यांस हें ज्ञान नव्हतें असेंहि नाहीं. त्यांच्या खाचरांच्या पायऱ्या व खारबांध तें होतें याची साक्ष देत होते. जमीन हातची गेली तेव्हां तें ज्ञानहि तिच्याबरोबर गेलें, कारण खरेदीखतांत तें लिहिलेलें नव्हतें. आजहि गोराई-मनोरीकडे थोडी शेती टिकून आहे व आरेच्या पाड्यांत वनवासी कुटुंबें राहत आहेत. पाणी कोणत्या बाजूनें येतें हें त्यांस विचारल्यास तीं सांगूं शकतात.

आमच्या वाचकांच्या हातीं जमीन अजून आहे. ती ठेवावयाची कीं विकावयाची हा ज्याचा त्याचा प्रश्न. त्यांत आम्हांस बोलण्याचा अधिकार नाहीं. परंतु जमीन आपली असली तरी तिच्यावरून जाणारें पाणी आपल्या एकट्याचें नसतें. वरच्यानें सोडलेलें तें आपण घेतों व खालच्यास देतों. ही देवघेव मोडली म्हणजे काय होतें, तें साष्टीनें दाखविलें आहे. येत्या मृगापूर्वीं प्रत्येकानें एकदां आपल्या शेताच्या माथ्यापासून खाडीपर्यंत, निदान मोठ्या ओढ्यापर्यंत, पाण्याच्या वाटेनें पायीं चालून यावें, आणि जेथें ती वाट अडलेली दिसेल तेथें शेजाऱ्यांस घेऊन ती मोकळी करावी, एवढीच आमची विनंति आहे.